ऊब साठवणारं सरोवर

जूनमधल्या निरभ्र रात्री दक्षिण पेरूच्या पठारावर तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. डबकी गोठतात, शेतातलं कोवळं पीक सकाळपर्यंत काळं पडतं. त्याच रात्री, जवळपास त्याच उंचीवर, टिटिकाका सरोवराच्या काठाशी मात्र थंडीची धार बोथट झालेली असते. समोर पसरलेलं पाणी दिवसभर ऊन पीत असतं आणि अंधार पडला की तीच ऊब हळूहळू हवेत सोडत राहतं. बाहेर ऋतू कुठलाही असो, या पाण्याचं तापमान साधारण १० ते १४ अंशांच्या पलीकडे फारसं हलत नाही. त्यामुळे काठालगत बार्ली, बटाटे आणि कीन्वा पिकतात. इतकंच काय, आडोशाच्या जागी मकासुद्धा पिकतो.

हे कुठल्या उंचीवर घडतं ते लक्षात घेतलं की आश्चर्य दुप्पट होतं. टिटिकाकाची पातळी समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं उभं केलं, तरी हे पाणी त्याहून पाचशे मीटर वर राहील. आणि हे काही डोंगराच्या कुशीतलं तळं नाही. लांबी सुमारे १९० किलोमीटर, विस्तार ८,००० चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं. खोली काही ठिकाणी २८० मीटरपर्यंत जाते. पंचवीसहून अधिक नद्या यात येऊन मिळतात आणि बाहेर पडते ती फक्त देसाग्वादेरो नावाची एक नदी. तीसुद्धा समुद्रापर्यंत पोचत नाही. आलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी उन्हावाऱ्याने थेट आकाशात जातं.

अर्धं सरोवर पेरूचं, अर्धं बोलिव्हियाचं. काठावर केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारे लोक हजारो वर्षांच्या वहिवाटीने शेती करतात, विणतात, नाचतात. इथे सांस्कृतिक सहल आखायची तर बहुतेक जाहिरातींमध्ये एकच ठरलेला दिवस दिसतो: सकाळी तरंगती बेटं, दुपारी ताकिले बेट, संध्याकाळी परत पुनो शहर, दुसऱ्या दिवशी पुढचा देश. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या लांब जाऊन असं करणं म्हणजे हातची संधी घालवणं. इथलं नृत्य, विणकाम, जेवण, देवदैवतं सगळं एका प्रश्नाभोवती उभं आहे: ऊब कमी, हवा विरळ, झाडं जवळपास नाहीत, अशा ठिकाणी जगायचं कसं? हा प्रश्न डोक्यात ठेवून निघालात, तर कुठे किती दिवस राहायचं हे नकाशाच सांगू लागतो.

सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करावी लागते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो. प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. पाणी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळतं, म्हणून डाळ किंवा कडधान्य कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. मुंबईहून निघून लिमामार्गे थेट हुलिआकाच्या विमानतळावर उतरलात, तर समुद्रकाठच्या हवेतून काही तासांत तुम्ही ३,८०० मीटरवर उभे असता. डोकं ठणकतं, झोप उडते, जेवण नकोसं होतं. काहींच्या बाबतीत हे गंभीर वळण घेतं. लेहला गेलेल्यांना पहिले दोन दिवस पडून राहण्याचा सल्ला आठवत असेल. पुनो लेहहूनही तीनशे मीटर उंच आहे.

म्हणून पायरी-पायरीने चढा. लिमाहून आधी आरेकिपा गाठावं, ते २,३३५ मीटरवर आहे आणि पांढऱ्या ज्वालामुखी दगडातलं त्याचं जुनं शहर दोन-तीन दिवस सहज पुरतं. तिथून पुनोला बस जाते. कुस्कोच्या बाजूने येणार असाल, तर आधी २,८०० मीटरच्या आसपासच्या पवित्र खोऱ्यात मुक्काम करा, मग ३,४०० मीटरवरचं कुस्को आणि मग आगगाडी. कुस्को ते पुनो हा प्रवास दिवसभराचा आहे आणि गाडी ला राया नावाची ४,३०० मीटरहून उंच खिंड ओलांडते. हृदयाचा, फुप्फुसाचा काही त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलाच. उंचीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या.

ज्यांना ही हवा जन्मतः मिळाली, त्यांनी तिच्याशी जमवून कसं घेतलंय ते पाहायचं तर सरोवराच्या तळाशी राहणाऱ्या बेडकापासून सुरुवात करता येईल. टिटिकाकाचा पाणबेडूक अंगापेक्षा दोन मापं मोठी कातडी घातल्यासारखा दिसतो. त्या लोंबत्या घड्या हेच त्याचं श्वसनाचं मुख्य साधन. पाण्यात विरघळलेला थोडासा ऑक्सिजन तो कातडीतून शोषतो आणि कमी पडला की पाय रोवून अंग वर-खाली करतो, म्हणजे घड्यांभोवतीचं पाणी बदलत राहतं. त्याच्या लाल पेशी अतिशय लहान आणि संख्येने भरपूर असतात. प्रदूषण आणि शिकार यांमुळे आज तो धोक्यात आहे. २०१६ मध्ये कोआता नदीत हे बेडूक हजारोंच्या संख्येने मेलेले आढळले होते. माणसांनीही आपल्या परीने जमवून घेतलं आहे. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं आणि छातीचा पिंजराही रुंद असतो.

आता बटाटा. आषाढीच्या फराळाचं ताट डोळ्यांसमोर आणा: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची. यातली एकूण एक वस्तू मूळची अमेरिका खंडांतली. पंढरीच्या वारीच्या आरंभी आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. पोर्तुगिजांनंतर ते आलं आणि इतकं आपलं झालं की उपवासाला चालू लागलं. त्यातला बटाटा तर या सरोवराच्या परिसरातला. रानटी, कडवट कंद निवडून निवडून त्याचं पीक करण्याचं काम दक्षिण पेरूच्या या पठारी भागात सात-आठ हजार वर्षांपूर्वी झालं, असं वनस्पतींच्या जनुकांवरून दिसतं. अँडीजमध्ये आजही बटाट्याचे ४,००० हून अधिक देशी वाण आहेत. जांभळे, काळे, लाल ठिपक्यांचे, बोटासारखे लांब, गाठीगाठींचे. पुनोच्या आठवडी बाजारात तास-दीड तास नुसतं या ढिगांमधून फिरा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

त्याच बाजारात पांढरे-काळे, खडूइतके हलके गोळे दिसतील. ते चुन्यो. इथली थंडी पिकाची शत्रू, पण जून-जुलैमध्ये तिलाच कामाला लावतात. बटाटे रात्री उघड्या माळावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात सुटले की अनवाणी पायांनी तुडवायचे, आतलं पाणी आणि साल निघून जाते. काही दिवस हे चक्र चालू ठेवलं की उरतो कोरडा गोळा, जो वर्षानुवर्षं टिकतो. पांढऱ्या प्रकारासाठी बटाटे आधी वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात. त्याने कडू वाणांमधलं विषारी द्रव्यही धुऊन जातं. इंकांची कोठारं चुन्योने भरलेली असत आणि पुढे स्पॅनिश राजवटीत पोटोसीच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्यांचं पोटही त्यानेच भरलं. शाकाहारी प्रवाशाला इथे चिंता नाही. कीन्वाचं सूप, बटाटे, ओका नावाचा आंबटगोड कंद, घरचं चीज आणि मुन्या या पुदिन्याच्या कुळातल्या पाल्याचा चहा घरोघरी मिळतो.

पुनोच्या उत्तरेला पूरमैदानावर शेतात ओळीने उंचवटे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे चर दिसले, तर गाडी थांबवा. यांना पेरूमध्ये वारू वारू म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे मोठे गादीवाफे. चरातलं पाणी दिवसा तापतं, रात्री वाफ्यावरच्या पिकाला ऊब देतं, गाळ खत म्हणून वर चढवता येतो, पुराचं पाणी चरात मावतं. सरोवर जे करतं तेच लोकांनी शेताच्या मापाने करून ठेवलं, तेही दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. मधल्या काळात ही पद्धत विस्मरणात गेली. १९८०च्या दशकात क्लार्क एरिक्सन आणि अ‍ॅलन कोलाटा या पुरातत्त्वज्ञांनी काठावरच्या शेतकऱ्यांबरोबर जुने वाफे पुन्हा घालून पाहिले, तेव्हा हिवातही पिकं तगल्याचं दिसलं. मला या सगळ्या परिसरातली ही सर्वांत मोठी वास्तू वाटते, जरी तिला तिकीटघर नाही.

उरो लोकांची तरंगती बेटं पुनोपासून बोटीने जवळ आहेत. तिथे पर्यटकांसाठी बरंच काही मांडलेलं असतं. रंगीत कपडे, गाणी, फोटोसाठी सजवलेल्या नावा. म्हणून काही प्रवासी नाक मुरडून परततात. मला ते पटत नाही. पायाखाली जे आहे ते खरं आहे आणि विलक्षण आहे. तोतोरा ही लव्हाळ्याच्या कुळातली उंच पाणवनस्पती. तिच्या मुळांचा गुंता कुजताना त्यात वायू अडकतो आणि तो तरंगतो. हे मुळांचे ठोकळे कापायचे, दोरांनी एकमेकांना बांधायचे, काही काळाने मुळं आपणहून एकमेकांत शिरून एकजीव होतात. वर कापलेल्या तोतोऱ्याचे थर एकावर एक आडवे-उभे पसरायचे. खालचे थर कुजत जातात, वर नवे घालत राहायचे, दर काही आठवड्यांनी, वर्षभर. बेट वाहून जाऊ नये म्हणून निलगिरीच्या खुंटांना बांधून ठेवायचं. घर, नाव, सरपण हे सगळं तोतोऱ्याचंच आणि बुंध्याचा पांढरा कोवळा भाग सोलून खायचाही. उरोंची मूळ भाषा पेरूच्या बाजूला आता उरलेली नाही, ते आयमारा बोलतात. १९७८ मध्ये सरोवराचा हा भाग राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाला आणि तोतोऱ्याच्या कापणीवर नियम आले. बेटावर रात्रीचा मुक्काम करता येतो. दुपारच्या बोटी परतल्या की गप्पांना खरा वेळ मिळतो.

ताकिलेसाठी किमान एक रात्र राखून ठेवा, दोन असतील तर उत्तमच. साडेपाच किलोमीटर लांबीचं हे बेट. धक्क्यापासून गावात जायला पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या, आणि त्या विरळ हवेत चढायच्या. वर पोचल्यावर पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे चौकात उभे राहून, गप्पा मारत, चालत, विणणारे पुरुष. सुयांवरचं विणकाम इथे पुरुषांचं काम. मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की सुया हातात घेतात. कानांवर येणारी त्यांची टोपी, चुयो, इतक्या घट्ट आणि बारीक टाक्यांची असते की दुरून ती मागावर विणलेली वाटावी. टोपीवरून माणसाची ओळखही पटते: पूर्ण लाल म्हणजे विवाहित, वरचा भाग पांढरा असेल तर अविवाहित. बायका चालता-बोलता टकळीवर सूत काततात आणि जमिनीत खुंट्या ठोकून मांडलेल्या आडव्या मागावर रुंद कमरपट्टे विणतात. हा माग स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचा आहे.

त्या पट्ट्यांमध्ये एक दिनदर्शिकेचा पट्टा असतो. पेरणी कधी, कापणी कधी, कुठल्या महिन्यात कुठला विधी, कुठला पक्षी, कुठलं पीक, असं सगळं वर्ष चिन्हांच्या ओळीत विणलेलं. तो नुसता पाहून समजत नाही. ज्या घरी उतराल तिथल्या आजींना विचारा, बोट ठेवून महिन्यामागून महिना सांगतात. यात जो वेळ जातो, तो आपल्या सहलीचा गाभा समजावा. युनेस्कोने २००५ मध्ये ताकिलेच्या वस्त्रकलेला मानवतेच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा दर्जा जाहीर केला आणि २००८ मध्ये ती प्रातिनिधिक यादीत आली. १९५०च्या दशकापर्यंत या बेटाचा मुख्य भूमीशी फारसा संबंध नव्हता. विसाव्या शतकात लोकांनी जमीनदारांकडून आपलीच जमीन विकत घेतली. पर्यटक आल्यावर बोटी, मुक्काम आणि जेवण यांची पाळी ठरवून सगळ्या घरांना वाटा मिळेल अशी व्यवस्था त्यांनी बसवली. विणलेल्या वस्तू सहकारी दुकानात ठरलेल्या किमतीला मिळतात, तिथे घासाघीस करू नये. पाळीत आलेल्या घरी जाताना तांदूळ, साखर, तेल किंवा फळं न्यावीत. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटण्यापेक्षा हे घरच्यांना जास्त उपयोगी पडतं. कोणाचाही फोटो काढण्यापूर्वी विचारा.

शेजारच्या आमान्तानी बेटावर दोन टेकड्या आहेत, एक पाचातातांची आणि एक पाचामामाची, धरतीपिता आणि धरतीमाता. मुक्काम इथेही घरीच असतो.

सहलीचा महिना ठरवताना मात्र थोडी रस्सीखेच होते. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने. आकाश निळं, रस्ते आणि बोटी वेळेवर, रात्री कडक थंडी. नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च पावसाचे. आणि नेमका पावसातच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पुनो शहराचा सर्वांत मोठा उत्सव येतो, कान्देलारिया मातेचा. निवड माझ्यावर सोपवली तर मी भिजायला तयार होईन.

२ फेब्रुवारी हा मुख्य दिवस, पण उत्सव त्याच्या आगेमागे बरेच दिवस चालतो. एका रविवारी आसपासच्या खेड्यांमधले चमू आपापली मूळ नृत्यं घेऊन येतात, पुढच्या रविवारी झगमगत्या पोशाखांची नृत्यं होतात. दियाब्लादामध्ये देवदूत मिकाएल आणि सैतानांचा सामना, मोरेनादामध्ये खाणींत राबवल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांची आठवण. मोरेनादाचे पोशाख अतिशय वजनदार, आणि ते घालून लोक या हवेत तासन्‌तास रस्त्याने नाचत जातात. भाग घेणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात. हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. २०१४ मध्ये हा उत्सवही युनेस्कोच्या यादीत आला.

त्या गर्दीत एक वाद्य कान देऊन ऐका. सिकू म्हणजे वेळूच्या नळ्या ओळीने बांधलेलं फुंकवाद्य. पण एका माणसाच्या हातात त्याचा अर्धाच भाग असतो. एका भागाला इरा म्हणतात, त्यात बहुधा सहा नळ्या. दुसऱ्याला आर्का, त्यात सात. स्वर एकाआड एक वाटलेले. इराकडे एक स्वर, त्याच्या पुढचा आर्काकडे, मग परत इराकडे. एकट्याने पूर्ण धून वाजवताच येत नाही. समोरचा फुंकतो तेव्हा आपण श्वास घ्यायचा, आपण फुंकतो तेव्हा त्याने. ज्या उंचीवर एक सलग तान घेताना दम लागावा, तिथे लोकांनी श्वासच वाटून घेतला आहे. विरळ हवेमुळेच ही रीत जन्मली असं मी म्हणणार नाही, पण अशा पंचवीस-तीस जोड्या ढोलासकट रस्त्यावरून जाऊ लागल्या की एकच अखंड सूर ऐकू येतो आणि तो नेमका कोण वाजवतंय हे बोट दाखवून सांगता येत नाही. सराव संध्याकाळी गल्ल्यांमधून चालतो. उत्सवाच्या आठ दिवस आधी पोचलात तर तो जवळून ऐकता येईल.

पुनोच्या पाण्यात यावारी नावाचं एक जुनं जहाजही आहे. पेरू सरकारने १८६१ मध्ये इंग्लंडकडे ते मागवलं. पण समुद्रापासून सरोवरापर्यंत रस्ता नव्हता, म्हणून ते २,७६६ तुकड्यांत बनवलं, प्रत्येक तुकडा खेचराच्या पाठीवर पेलेल एवढा. जहाजाने आरिका बंदर, तिथून थोडी रेल्वे आणि मग अँडीजच्या खिंडी. १८७० च्या नाताळात यावारी पाण्यात उतरलं. कोळसा नव्हता, झाडं नव्हती, म्हणून त्याचं बॉयलर लामाच्या वाळलेल्या लेंड्यांवर चालायचं.

पुनोहून तीन-चार तासांत बोलिव्हियाच्या कोपाकाबानाला पोचता येतं. तिथल्या देवालयातली मातेची मूर्ती फ्रान्सिस्को तितो युपांकी या इंका वंशातल्या कलावंताने घडवली आणि १५८३ मध्ये तिची स्थापना झाली. सकाळी देवळासमोर गाड्यांची रांग लागते. फुलांच्या माळांनी मढवलेल्या बस, ट्रक, टॅक्सी. पाद्री पाणी शिंपडतात, मालक चाकांवर बिअर ओततो, फटाके वाजतात. दसऱ्याला झेंडूचे हार घातलेल्या गाड्या पाहत वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पाचामामाला पहिला घोट आणि मातेला पहिला नमस्कार, दोन्ही एकाच सकाळी, एकाच माणसाकडून.

समोर सूर्यबेट आहे. इंकांच्या श्रद्धेप्रमाणे सूर्य पहिल्यांदा इथल्या एका खडकावरून वर आला आणि मांको कापाक व मामा ओक्यो हे आदिदांपत्य इथूनच निघालं. या यात्रेसाठी त्यांच्या साम्राज्यात दूरदूरहून लोक येत. पण हे पाणी इंकांच्या आधीही पवित्र होतं, याचा पुरावा बेटाजवळच्या खोआ नावाच्या बुडालेल्या खडकावर मिळाला. २०१३ मध्ये पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तिथून पुमाच्या आकाराची धुपाटणी, सोन्याचे पत्रे, कोवळ्या लामांची हाडं आणि स्पाँडिलस शिंपले वर आणले. आठव्या ते दहाव्या शतकांतली ही अर्पणं, तिवानाकू संस्कृतीची. आणि स्पाँडिलस शिंपला मिळतो तो इक्वाडोरच्या बाजूच्या उबदार समुद्रात, वाळवंट आणि अँडीजच्या भिंती ओलांडून पलीकडे. या लोकांनी समुद्र इथे आणून वाहिला होता.

कोपाकाबानाहून ला पासकडे जाताना तिकिनाची सामुद्रधुनी लागते. बस तराफ्यावर चढते, प्रवासी वेगळ्या होडीने पार होतात. काठावर नौदलाचा तळ दिसतो. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाने समुद्रकिनारा गमावला, नौदल मात्र आजही आहे, आणि त्याचा सराव या सरोवरात चालतो. दरवर्षी २३ मार्चला देशभर समुद्रदिन पाळला जातो.

निघण्यापूर्वी माहीत असाव्यात अशा काही गोष्टी इथेच सांगतो. पेरू आणि बोलिव्हियातून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागितलं जातं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. दुसरं, कोकाची पानं आणि चहा तिथे कायदेशीर आहेत, हॉटेलात स्वागताला मिळतात आणि उंचीच्या त्रासावर लोक तीच देतात. भारतात मात्र ती जवळ बाळगणं गुन्हा आहे, एक पुडीसुद्धा सामानात येऊ देऊ नका. व्हिसाचे नियम दोन्ही देशांचे वेगळे आहेत आणि बदलत असतात. दूतावासाचं संकेतस्थळ पाहूनच तिकिटं काढा.

शेवटचा मोठा थांबा तिवानाकू, ला पासपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. इसवी सनाच्या ५०० ते १००० या काळात हे शहर भरभराटीला होतं. २१ जूनला, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या रात्रीनंतर, पहाटेच्या गारठ्यात हजारो लोक इथे जमतात आणि पहिल्या किरणांकडे तळवे धरतात. तेव्हा आयमारा नवं वर्ष सुरू होतं. सूर्यद्वार नावाची कमान एकाच अँडेसाइट दगडातून कोरलेली, वजन दहा टनांच्या आसपास. हा दगड इथला नाही. तो सरोवराच्या पलीकडल्या काठावरच्या ज्वालामुखीच्या बाजूचा. पठारावर तराफ्यासाठी लाकूड नव्हतं, मग हे धोंडे पाण्यावरून आले कसे? २००२ मध्ये अलेक्सेई व्रानिच आणि पॉल हार्मन यांनी आयमारा कारागिरांकडून तोतोऱ्याची मोठी नाव बांधून घेतली आणि नऊ टनांचा दगड तिच्यावर चढवून सरोवर पार केलं. नाव बुडाली नाही.

तोतोऱ्याच्या नावेचं हे ज्ञान याआधीही दूर गेलं होतं. नॉर्वेचे थोर हेयरडाल यांची पहिली पपायरस नाव, रा, १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये मोडली. दुसरीसाठी त्यांनी टिटिकाकामधल्या सुरिकी बेटावरचे आयमारा नावाडी मोरोक्कोला बोलावले. त्यांनी आपल्या रीतीने दोन गठ्ठे आणि मधला गाभा आवळून बांधलेली रा-२ ही नाव १९७० मध्ये साफी बंदरातून निघाली आणि ५७ दिवसांत बार्बाडोसला पोचली. त्या कारागिरांची कुटुंबं तिकिना ते ला पास रस्त्यावरच्या उआताहाता गावात आहेत आणि काठाला नावा, मॉडेलं, जुने फोटो मांडून ठेवलेली लहान दालनंही. बस तिथून जाते, बहुतेक प्रवासी खिडकीतून बघत पुढे निघून जातात. चालकाला आधी सांगून ठेवा, तिथे उतरा आणि गठ्ठा आवळायची दोरी कशी फिरवतात ते करून दाखवायला सांगा. पुढची बस मिळते.